गर्भस्थ मेंदू आणि सेरोटोनिन

सेरोटोनिन हें नांव आतां आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित राहिलेलें नाहीं. वर्तमानपत्रांतील आरोग्याच्या सदरांत, औषधांच्या जाहिरातींत, आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या गप्पांतही तें येतें. आणि जेथें येतें तेथें बहुधा त्याला "आनंदाचें रसायन" अशी एक पदवी जोडलेली असते. मन प्रसन्न असलें कीं सेरोटोनिन भरपूर, मन उदास झालें कीं सेरोटोनिन कमी, इतका सोपा हिशेब लोकांनीं मांडून ठेवला आहे. हा हिशेब किती अपुरा आहे हें दाखविणें हा या लेखाचा एक हेतु आहे. पण मुख्य हेतु निराळा आहे. ज्या वेळीं मनुष्याला सुखही कळत नाहीं व दुःखही कळत नाहीं, ज्या वेळीं त्याचा मेंदू हरभऱ्याच्या दाण्याएवढाही झालेला नसतो, त्या वेळींही सेरोटोनिन तेथें हजर असतें व काम करीत असतें. तें काम घर बांधणाऱ्या कारागिराचें आहे. हें बांधकाम कसें चालतें, तें शास्त्रज्ञांस कसें कळलें, आणि आमच्या घरांतील लेकीसुनांशीं त्याचा काय संबंध पोंचतो, एवढें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

या द्रव्याचा शोध प्रथम मेंदूंत लागलाच नाहीं. १९३० नंतरच्या दहा वर्षांत इटालींतील व्हित्तोरियो एर्स्पामेर हे आंतड्यांच्या अस्तराचा अभ्यास करीत असतां तेथील कांहीं विशिष्ट पेशींत स्नायूंचें आकुंचन घडविणारें एक द्रव्य त्यांस आढळलें. त्यांनीं त्याला एंटेरामीन असें नांव दिलें. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन व अर्व्हिन पेज हे रक्तदाबाच्या विकाराचा विचार करीत होते. रक्त गोठल्यावर वर जी पिवळसर निवळ सुटते, तिच्यांत रक्तवाहिन्या आवळणारें कांहीं तरी असतें, हें पूर्वींपासून ठाऊक होतें. तें या तिघांनीं शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. निवळीस सीरम म्हणतात व रक्तवाहिन्यांस ताण देणारें तें टॉनिक. या दोहोंची सांगड घालून सेरोटोनिन हें नांव तयार झालें. दुसऱ्याच वर्षीं रॅपोर्ट यांनीं त्याची रासायनिक घडण उलगडली, आणि मग एंटेरामीन व सेरोटोनिन हीं एकाच द्रव्याचीं दोन नांवें आहेत असें दिसून आलें. १९५३ सालीं बेटी ट्वारॉग या तरुण विदुषीनें, पेज यांच्या सहकार्यानें, तें सस्तन प्राण्यांच्या मेंदूंतही असल्याचें प्रसिद्ध केलें. ज्या मेंदूमुळें त्याचा आज इतका बोलबाला आहे, तेथें त्याचा पत्ता लागला तो असा सर्वांत शेवटीं.

निसर्गांत हें द्रव्य कोठें कोठें सांपडतें हें पाहिलें म्हणजे मौज वाटते. रानांत हिंडणाऱ्या मुलांपैकीं कांहींना खाजकुयलीच्या शेंगांवरील कुसांचा प्रसाद मिळालेला असेल. त्या कुसांत सेरोटोनिन असतें, जरी खाज सुटण्याचा मुख्य दोष दुसऱ्याच एका द्रव्याकडे जातो. गांधीलमाशीच्या विषांत तें असतें आणि पिकलेल्या केळ्यांतही असतें. मनुष्याच्या शरीरांत जेवढें सेरोटोनिन आहे, त्यापैकीं शेंकडा ९० किंवा त्याहून अधिक आंतड्यांत असतें व तेथें तें अन्न पुढें ढकलण्याच्या कामीं येतें. मेंदूच्या वांट्याला अगदीं थोडें येतें. शिवाय प्रौढ माणसाच्या रक्तांतील सेरोटोनिन त्याच्या मेंदूंत शिरूं शकत नाहीं. मेंदूंतील रक्तवाहिन्यांच्या भिंती त्याला आंत येऊं देत नाहींत. तेव्हां केळीं खाऊन मन आनंदी करण्याचा बेत कोणी केला, तर त्याला केळीं खाल्ल्याचें समाधान तेवढें मिळेल.

मेंदूला आपलें सेरोटोनिन स्वतः तयार करावें लागतें. त्याचा कच्चा माल म्हणजे ट्रिप्टोफॅन नांवाचें अमिनो आम्ल. दूध, अंडीं, मासे, डाळी यांतील प्रथिनांतून हें आम्ल आपणांस मिळतें, व तें मात्र मेंदूंत जाऊं शकतें. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन करण्यास एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, जरूर लागते. हें विकर दोन प्रकारचें आहे: एक मुख्यतः आंतड्यांत काम करणारें व दुसरें मेंदूंत काम करणारें. मेंदूंतील प्रकार वेगळा आहे ही गोष्ट २००३ सालीं बर्लिन येथील संशोधकांनीं उजेडांत आणली. हे दोन प्रकार वाचकांनीं ध्यानांत ठेवावेत. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी आहेत असें मोजलें गेलें आहे. त्यांत सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशी कांहीं लाखच भरतील. त्या मेंदूच्या देठांत, मधल्या रेषेच्या आधारानें, पुंजक्यापुंजक्यांनीं बसलेल्या असतात. १९६४ सालीं स्वीडनमधील डालस्ट्रोम व फुक्से यांनीं उंदराच्या मेंदूंतील या पुंजक्यांचा नकाशा काढला. मेंदूच्या पातळ कापावर एक विशिष्ट प्रक्रिया करून तो सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, कीं सेरोटोनिन असलेल्या पेशी पिवळ्या प्रकाशानें चमकूं लागतात. त्या चमकेवरून हें काम झालें. पेशी इतक्या थोड्या, पण त्यांचे तंतु मेंदूच्या बहुतेक सर्व भागांत पसरलेले.

साधारणतः एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तो टपालासारखा असतो. पत्ता लिहिलेला, व त्याच पत्त्यावर पडणारा. सेरोटोनिनची रीत बऱ्याच अंशीं पाटाच्या पाण्यासारखी आहे. विहिरीवर मोट एकच; पण पाणी पाटानें साऱ्या मळ्यांत फिरतें, आणि ऊंस, मिरची, भाजी हीं तेंच पाणी पिऊन आपापल्या जातीप्रमाणें वाढतात. सेरोटोनिनला ओळखणारे ग्राहक निदान १४ प्रकारचे आहेत, व कोणत्या पेशीवर कोणता ग्राहक आहे त्याप्रमाणें परिणाम होतो. कोठें पेशी उत्तेजित होते, कोठें शांत होते, कोठें तिच्या वाढीची दिशा बदलते. पाणी सोडण्याची जशी व्यवस्था लागते तशी तें अडविण्याचीही लागते. एक वाहक सेरोटोनिनला पेशीच्या आंत परत ओढून घेतो, आणि मग मोनोअमाईन ऑक्सिडेज ए नांवाचें विकर त्याची मोडतोड करतें. हा वाहक व हें मोडतोड करणारें विकर यांच्याभोंवतींच पुढील सर्व हकीकत फिरत आहे.

आतां गर्भाकडे वळूं. मेंदू तयार होतो म्हणजे काय होतें? प्रथम पेशी विभागून विभागून संख्येनें वाढतात. मग योग्य वेळीं त्या विभागणें थांबवितात व मज्जापेशी बनतात. नंतर त्या आपल्या जन्मस्थानापासून ठरलेल्या जागीं चालत जातात. तेथें त्यांस फांद्या फुटतात, लांब तंतु निघतात, आणि ते तंतु दूरच्या पेशी शोधून त्यांस जोडले जातात. मनुष्याच्या गर्भांत सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशी पांचव्या आठवड्याच्या सुमारास दिसूं लागतात. ही वेळ इतकी लवकरची आहे, कीं ज्यांना निरोप द्यावयाचा त्या पेशींपैकीं बहुतेकींचा अजून जन्मही झालेला नसतो. तेव्हां या पेशींस दुसरें कांहीं काम असलें पाहिजे असा तर्क सहजच निघाला. १९७८ सालीं अमेरिकेंतील जीन लॉडर व त्यांचे सहकारी क्रेब्स यांनीं उंदरांच्या गर्भार माद्यांस सेरोटोनिनचें उत्पादन थांबविणारें औषध दिलें व पिलांचे मेंदू तपासले. ज्या भागांत एरवीं सेरोटोनिनचे तंतु पोंचतात, त्याच भागांतील पेशींना विभागणें थांबवून मज्जापेशी बनण्यास उशीर झालेला आढळला. जणूं "आतां वाढ पुरे, कामाला लागा" ही सूचनाच त्यांस वेळेवर मिळाली नव्हती.

येथें एक अडचण उभी राहते. सेरोटोनिनच्या पेशी मेंदूच्या मागील भागांत असतात. त्यांचे तंतु मेंदूच्या पुढील भागापर्यंत वाढत जाण्यास कांहीं काळ लागतो. परंतु पुढील भागांत सेरोटोनिन त्याच्या आधींच सांपडतें. मग तें आलें कोठून?

या प्रश्नाचें उत्तर आईकडे बोट दाखवितें. २००७ सालीं पॅरिस येथील फ्रान्सीन कोटे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आंतड्यांतील प्रकारचें विकर ज्यांच्यांत नाहीं अशा उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा मादीचे गर्भ आकारानें लहान राहत व त्यांच्या मेंदूच्या वाढींत दोष दिसत. विशेष हें, कीं पिलाच्या स्वतःच्या अंगीं तें जनुक आहे कीं नाहीं यावर हा दोष अवलंबून नव्हता. आईच्या अंगीं आहे कीं नाहीं यावर होता. चांगलें जनुक असलेलें पिलूंही अशा आईच्या पोटीं वाढलें तर मागें पडे.

नंतर २०११ सालीं लॉस एंजेलिस येथील अलेक्झांडर बोनिन, पॅट लेव्हिट व त्यांची मंडळी यांनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. त्यांचें लक्ष वारेकडे गेलें. आमच्याकडे बाळंतपण झाल्यावर वार पुरून टाकण्याची चाल आहे. ती आदरानें पुरतात, पण तिनें नऊ महिने काय काय केलें याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आईच्या रक्तांतून बाळाला अन्न गाळून देणारी ती एक गाळणी, एवढीच बहुतेकांची समजूत असते. या संशोधकांनीं उंदराची वार शरीराबाहेर काढून कांहीं काळ जिवंत ठेवली, आईच्या बाजूनें तिच्यांतून ट्रिप्टोफॅन घातलेला द्रव वाहूं दिला, आणि बाळाच्या बाजूनें बाहेर येणारा द्रव तपासला. त्यांत ताजें सेरोटोनिन होतें. वार स्वतःच तें तयार करीत होती! उंदराचा गर्भवास १९-२० दिवसांचा असतो. त्यांतील साधारण चवदाव्या-पंधराव्या दिवसापर्यंत मेंदूच्या पुढील भागाला सेरोटोनिन मिळतें तें वारेकडून. त्यानंतर गर्भाच्या स्वतःच्या पेशींचे तंतु तेथें येऊन पोंचतात व हा पुरवठा आपल्या हातीं घेतात. धान्य पिकेपर्यंत माहेरून शिधा यावा, तसाच हा प्रकार. मनुष्याच्या बाबतींत मात्र एकमत झालेलें नाहीं. २०१८ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं असें मत मांडलें, कीं मनुष्याची वार सेरोटोनिन बनविते त्यापेक्षां आईच्या रक्तांतून तें उचलून बाळाकडे पोंचविते. आमच्या मतें वाद शिध्याच्या वाटेचा आहे. शिधा आईच्या घरचा, याविषयीं दोन्ही पक्षांत वाद नाहीं.

आतां या विषयांतील सर्वांत मनोरंजक प्रकरण सांगतों. त्याचा आरंभ एका अपघातानें झाला. फ्रान्समधील कांहीं संशोधक उंदराच्या एकपेशीय गर्भांत इंटरफेरॉन नांवाच्या पदार्थाचें जनुक घालून पाहत होते. सेरोटोनिनशीं त्यांचें कांहीं देणेंघेणें नव्हतें. अशा रीतीनें घातलेलें जनुक कोठें जाऊन बसेल हें आधीं सांगतां येत नाहीं. एका वंशांत तें नेमकें मोनोअमाईन ऑक्सिडेज ए च्या जनुकांत जाऊन बसलें, व त्या जनुकाचा एक तुकडा नाहींसा झाला. या वंशाचीं पिलें विचित्र वागूं लागलीं. तीं थरथरत, घाबरत, वेड्यासारखीं पळत सुटत व पडत. मोठे झालेले नर एकमेकांवर तुटून पडत. मेंदू तपासतां असें आढळलें, कीं मोडतोड करणारें विकर नसल्यामुळें पिलांच्या मेंदूंत सेरोटोनिनचें प्रमाण नेहमींच्या नऊपटीपर्यंत चढलें आहे. ऑलिव्हिए काझ, इझाबेल सैफ, पॅट्रिशिया गास्पार व त्यांचे सहकारी यांनीं १९९५ सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली.

पुढें काय झालें हें समजण्यास उंदराच्या मिशांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. उंदीर अंधारांत वावरणारा प्राणी. त्याला डोळ्यांपेक्षां मिशांचा आधार अधिक. त्याच्या तोंडाच्या प्रत्येक बाजूस मिशांचे मोठे केंस पांच ओळींत बसविलेले असतात. १९७० सालीं बाल्टिमोर येथील थॉमस वूल्सी व हेंड्रिक व्हान डर लूस यांनीं दाखविलें, कीं मेंदूच्या बाह्यपटलांत या मिशांचा जसाच्या तसा नकाशा आहे. प्रत्येक केंसासाठीं पेशींचें एक एक कडें, आकारानें पिपासारखें. केंसांच्या जेवढ्या ओळी तेवढ्याच पिपांच्या ओळी, व क्रमही तोच. थोरल्या केंसाला स्पर्श झाला कीं त्याचें पीप जागें होतें. सृष्टिकर्त्याच्या हातची इतकी रेखीव आखणी शरीरांत इतरत्र क्वचितच पाहावयास मिळते. पिलूं जन्मतें तेव्हां हीं पिपें तयार नसतात. थॅलॅमस हें मेंदूच्या मध्यावरचें एक ठाणें आहे. मिशांकडील वार्ता तेथून बाह्यपटलाकडे जाते. तेथून निघालेले तंतु जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं दिवसांत बाह्यपटलांत शिरतात, आपापल्या केंसाप्रमाणें घोळक्यांनीं जमतात, व त्यांच्याभोंवतीं पेशींचीं कडीं उभीं राहतात.

१९९६ सालीं त्याच फ्रेंच मंडळींनीं आपल्या त्या वेड्या उंदरांच्या मेंदूंत हा नकाशा शोधला. तो तेथें नव्हता. थॅलॅमसमध्यें मिशांची आखणी व्यवस्थित होती. त्याच्याही मागील ठाण्यांत होती. पण बाह्यपटलांत पिपें नाहींत, ओळी नाहींत, सगळी सरमिसळ. तंतु पोंचले होते, पण आपापल्या जागीं गोळा न होतां इकडेतिकडे पसरले होते.

हा दोष सेरोटोनिनच्या अतिरेकाचा कीं दुसऱ्या कशाचा? हें विकर इतरही द्रव्यांची मोडतोड करतें. तेव्हां संशय त्यांच्यावरही जाणें योग्य होतें. संशोधकांनीं नवजात पिलांस सेरोटोनिनचें उत्पादन थांबविणारें औषध दिलें. पिपें नीट तयार झालीं. दुसऱ्या द्रव्यांचें उत्पादन थांबवून पाहिलें. पिपें झालीं नाहींत. मग उलट बाजूनें परीक्षा घेतली: निरोगी पिलांना जन्मतांच कांहीं दिवस तें विकर निकामी करणारें औषध दिलें. त्यांच्याही नकाशांत ठिकठिकाणीं पिपें नाहींशीं झालीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही विचारसरणी नीट पाहावी. एक कारण काढून घेतलें कीं कार्य थांबतें. शेजारचें संशयित कारण काढलें तर थांबत नाहीं. आणि तें कारण निरोग्याच्या ठिकाणीं मुद्दाम उत्पन्न केलें कीं तेंच कार्य तेथेंही घडतें. आरोप सिद्ध करण्याची याहून चोख पद्धत न्यायालयांतही सांपडावयाची नाहीं.

तरीही एक प्रश्न उरलाच: सेरोटोनिन जास्त झालें तर तंतु पसरतात कां? याचें उत्तर २००१ सालीं मिळालें. थॅलॅमसमधून येणाऱ्या तंतूंवर सेरोटोनिनचा एक विशिष्ट ग्राहक असतो. त्याला एक-बी असें नांव आहे. विकर नसलेल्या उंदरांत हा ग्राहकही काढून टाकला, तेव्हां सेरोटोनिन जास्त असूनही पिपें पुन्हां नीट उभीं राहिलीं. म्हणजे पाणी फार झालें होतें, पण नासाडी होत होती ती एकाच दारावाटे. तें दार बंद केलें आणि मळा वांचला. याच घराण्यांतील ग्राहकांविषयीं बोनिन व लेव्हिट यांनीं २००७ सालीं आणखी एक गोष्ट दाखविली. वाढणाऱ्या तंतूंना वाट दाखविणारीं कांहीं द्रव्यें गर्भांत असतात; त्यांतील नेट्रिन नांवाच्या द्रव्याकडे थॅलॅमसचे तंतु ओढले जातात. पण सेरोटोनिन भेटलें, कीं तेच तंतु त्याच नेट्रिनपासून दूर पळतात. रस्त्यावरील पाटी तीच. वाचणाऱ्याची बुद्धि तेवढी फिरली.

त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी, कीं थॅलॅमसमधील या पेशी स्वतः सेरोटोनिन बनवीत नाहींत. तरी त्या कोवळ्या वयांत त्यांच्या अंगीं सेरोटोनिन ओढून घेणारा वाहक असतो. मोठेपणीं तो नाहींसा होतो. नकाशा आंखला जात असतांनाच्या थोड्या दिवसांपुरताच तो त्यांस मिळालेला असतो. आपल्या तंतूंभोंवतीं सेरोटोनिन किती असावें याचा तोल सांभाळण्याची ही व्यवस्था असावी, असें शास्त्रज्ञ मानतात.

येथवर वाचून कोणास वाटेल, कीं सेरोटोनिन मुळींच नसेल तर मेंदू तयारच होणार नाहीं. तसें मात्र नाहीं, आणि हें सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. मेंदूंतील प्रकारचें विकर काढून टाकलेले उंदीर २००९ च्या सुमारास तयार झाले. त्यांच्या मेंदूंत सेरोटोनिन जवळजवळ नसतें. तरी ते जन्मतात, व मेंदूची ढोबळ रचना ओळखूं येण्याइतकी ठीक असते. पण पिलांची वाढ खुंटते, पहिल्या कांहीं आठवड्यांत पुष्कळ पिलें मरतात, श्वास व शरीराची उष्णता यांचें नियमन बिघडतें, आणि जगलेल्या माद्या आपल्या पिलांकडे नीट लक्ष देत नाहींत. मिशांच्या नकाशाला सेरोटोनिनच्या अभावापेक्षां त्याचा अतिरेक अधिक घातक ठरतो. "कमी म्हणजे वाईट, जास्त म्हणजे चांगलें" हा जाहिरातींतला हिशेब येथें पार कोसळून पडतो. किती, कोठें, आणि विशेषतः केव्हां, या तीन प्रश्नांवांचून सेरोटोनिनविषयीं बोलण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

उंदरांची गोष्ट माणसाला कितपत लागू पडते? मनुष्याला मिशांचा नकाशा नाहीं. पण मोडतोड करणारें विकर तेंच आहे. १९९३ सालीं हान ब्रुनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हॉलंडमधील एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्या घराण्यांतील कांहीं पुरुषांत हें विकर जनुकांतील एका बारीक बदलामुळें निकामी झालें होतें. त्यांची बुद्धि सामान्याहून कमी होती, व ते क्षुल्लक कारणानें रागाच्या आहारीं जात. असा दोष अत्यंत दुर्मिळ आहे, आणि प्रत्येक तापट मुलाच्या जनुकांकडे बोट दाखविण्यास त्याचा उपयोग कोणी करूं नये.

आतां पालकांशीं दोन शब्द. मनाच्या औदासीन्यावर आज जीं औषधें सर्वांत अधिक दिलीं जातात, तीं वर सांगितलेल्या वाहकाला अडवितात. यांपैकीं फ्लुओक्सेटीन हें औषध अमेरिकेंत १९८७ सालीं मान्य झालें. हीं औषधें वारेंतून गर्भापर्यंत पोंचतात. २००४ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील अँसोर्ग, गिंगरिच व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांच्या पिलांस जन्मानंतरच्या चौथ्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत फ्लुओक्सेटीन दिलें व मग बंद केलें. पिलें मोठीं झाल्यावर, म्हणजे औषध बंद होऊन पुष्कळ दिवस लोटल्यावर, तीं नव्या जागीं वावरण्यास कचरत व तेथें खाण्यास उशीर लावीत. मोठ्या उंदरांत चिंता घालविणारें औषध कोवळ्या वयांत दिलें असतां पुढें चिंता वाढवितें, हा निष्कर्ष कोणाही आईबापास दचकविणारा आहे.

परंतु दचकून जाऊन औषधाची बाटली फेकून देणें हा त्यावरचा उपाय नव्हे. मनुष्याचा हिशेब करावयाचा तर तो माणसांतच केला पाहिजे, आणि तो अवघड आहे. कारण औषध घेणारी माता आधीं आजारी असते, आणि आजाराचा व औषधाचा परिणाम एकमेकांत मिसळतो. २०१७ सालीं स्वीडन व कॅनडांतील ऑन्टारियो प्रांत येथील फार मोठ्या नोंदींवरून दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. स्वीडनच्या अभ्यासांत एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली होती. एकाच्या वेळीं तिनें औषध घेतलें होतें, दुसऱ्याच्या वेळीं नव्हतें. अशी तुलना केल्यावर स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, धोका औषधामुळें वाढल्याचें दिसलें नाहीं. बाळ थोडें लवकर जन्मण्याचा धोका मात्र किंचित् वाढलेला दिसला. ऑन्टारियोच्या अभ्यासांतही, दोन भावंडांची तुलना करतां, औषध व स्वमग्नता यांचा संबंध टिकला नाहीं.

उलटपक्षीं, उपचार न झालेलें औदासीन्य हेंही गर्भाला निरुपद्रवी नाहीं. जी माता जेवत नाहीं, झोंपत नाहीं, तपासणीस जात नाहीं, कधीं कधीं जीव नकोसा झाला असें म्हणते, तिचें बाळ सुरक्षित आहे असें कोण म्हणेल? आमच्या घरांतून अशा वेळीं "पहिलटकरीण आहे, होईल नीट," "मनावर घेऊं नकोस," असें म्हणून गोष्ट संपविण्यांत येते. आजार ओळखून डॉक्टरांकडे नेणारी सासू किंवा नणंद ज्या घरीं असेल, तें घर भाग्याचें. औषध चालू असलेल्या स्त्रीस दिवस गेले, किंवा मुलाची इच्छा झाली, तर तिनें लगेच डॉक्टरांस सांगावें. औषध ठेवावें, बदलावें कीं कमी करावें, हें त्यांनीं तिच्या आजाराचें मान पाहून ठरवावें. शेजारणीच्या सांगण्यावरून किंवा असा एकादा लेख वाचून तें एकाएकीं बंद करूं नये. आमचा हाही लेख त्यांत आलाच.

बांधकाम जन्माबरोबर संपतें असें मात्र नाहीं. १९९९ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं डायन चुगानी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, शरीरांत जाऊन आपला ठावठिकाणा बाहेर कळविणाऱ्या एका किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्यानें, जिवंत मुलांच्या मेंदूंतील सेरोटोनिनचें उत्पादन मोजलें. स्वमग्नता नसलेल्या मुलांत तें पांच वर्षांच्या वयापर्यंत प्रौढ माणसाच्या दुपटीहून अधिक भरलें, आणि त्यानंतर हळूहळू उतरून प्रौढांच्या मानावर आलें. स्वमग्न मुलांत असा चढउतार दिसला नाहीं. त्यांचें उत्पादन दोन वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंत सावकाश चढत जाऊन प्रौढांच्या दीडपट झालें. दरवर्षीं जूनमध्यें पाटी-दप्तर घेऊन, कांहीं हंसत व कांहीं रडत, आमच्या पहिल्या इयत्तेंत जीं मुलें येतात, त्यांच्या मेंदूंतील ही भरती नुकतीच ओसरूं लागलेली असते.